ढाळ

चेंडू आधी सरळ जाईल आणि पवनचक्कीच्या वीतभर अलीकडे डावीकडे वळेल, हे माधुरीला चेंडू मारायच्या आधीच ठाऊक होतं. तो तसाच गेला, तसाच वळला आणि टपकन होलमध्ये पडला. मालाडच्या मॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावर लॅबची सगळी मंडळी एकदम ओरडली. कुणीतरी शिट्टी मारली. श्रुतिकाने तिच्या गळ्यात हात टाकला आणि जाहीर करून टाकलं, "ताई, तू तर छुपी रुस्तम निघालीस यार!" माधुरी हसली, पण आतून ती दचकली होती. रस्त्यात एखादा माणूस आपल्याला ओळखून मान हलवून जातो आणि तो कोण ते काही केल्या आठवत नाही, तसं तिचं झालं. त्रेचाळीस वर्षांत ती कुठला खेळ खेळली म्हणून नव्हती. शाळेत लंगडीतसुद्धा तिला कच्चा लिंबू करून ठेवायचे. एकवीस वर्षं ती घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्टवरची नावं आणि आकडे ताडून पाहत होती, आणि आज लॅबच्या वर्धापनदिनाची पार्टी म्हणून हातात कुणीतरी मिनीगोल्फची रबरी मुठीची काठी दिली होती. पुढच्या लेनवर सिमेंटची मगर होती. तिथेही चेंडू कुठे जाणार ते तिला आधी कळलं. तिसऱ्या लेनवर मात्र चुकलं, आणि गंमत म्हणजे त्या चुकण्याचाच तिला जास्त राग आला. तिला ती लेन पुन्हा खेळायची होती. पण तोवर पिझ्झा आला होता, आणि पिझ्झ्यापुढे कुणाचं काय चालतं?

घरी जाताना ती आरे कॉलनीतून जाणाऱ्या बसमध्ये बसली. दोन्ही बाजूंना झाडं, मध्येच गोठ्यांचा वास. बसच्या जमिनीवर कुणाची तरी रिकामी बाटली लोळत होती. बस वळली की बाटली निघायची, कुणाच्या तरी चपलेला अडायची, पुन्हा निघायची. माधुरी बघत बसली. आता उजवीकडे. आता थांबेल. आता मागच्या चाकावरच्या उंचवट्याला वळसा घालून दाराकडे. बाटली निमूटपणे तिचं ऐकत होती. हे आपल्याला कुणी शिकवलं, असा प्रश्न तिने मनात नीट शब्दांत मांडला, आणि उत्तर जिभेच्या टोकावर येऊन परत फिरलं. खरं सांगायचं तर उत्तर तिला माहीत होतं. पण माहीत असलेली गोष्ट न आठवण्याची कला माणसाला जन्मजात येते, आणि माधुरीने तर ती घोटून घोटून पक्की केली होती. पवईला कंडक्टरने ती बाटली लाथेने खाली ढकलली, तेव्हा तिला उगाचच चुकल्यासारखं वाटलं.

नाहूरला त्यांचं घर म्हणजे तळमजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर. तिथे ती आणि तिचे वडील भीमराज, दोघंच राहत. आई, चंपा, जाऊन नऊ वर्षं झाली होती. माधुरीचं लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. भीमराज बुलढाण्याकडून दुष्काळात मुंबईत आले आणि पस्तीस वर्षं त्यांनी लादीकाम केलं. मुलुंड, घाटकोपर, भांडुपच्या किती घरांतल्या न्हाणीघरांचं पाणी त्यांनी जमिनीला ढाळ, म्हणजे बेताचा उतार, देऊन जाळीकडे वळवलं होतं, याची मोजदाद नाही. उकिडवं बसून बसून आता गुडघे गेले होते. घरातली जमीन त्यांनी कामावरच्या उरल्यासुरल्या लाद्यांची केली होती. एक लादी पिवळी, एक हिरवट, एक काळ्या ठिपक्यांची, जशी मिळाली तशी. मात्र स्वयंपाकघरातून मोरीकडे जाताना दारातच एका तपकिरी लादीवर पाणी साचायचं. रोज साचायचं, रोज पुसावं लागायचं. "जगाच्या मोऱ्या नीट आणि आपल्या दारात तळं," असं चंपा जन्मभर म्हणत राहिली, आणि भीमराज जन्मभर ते ऐकून न ऐकल्यासारखं करत राहिले. त्या संध्याकाळी माधुरी ते पाणी पुसायला वाकली आणि पुसायच्या ऐवजी बघत राहिली. पाणी मोरीकडून निघून उलटं येत होतं आणि लादीच्या एका कोपऱ्यात गोळा होत होतं. "काय हरवलं का गं?" खाटेवरून भीमराजांनी विचारलं. "नाही बाबा," ती म्हणाली आणि फडकं फिरवलं.

श्रुतिका गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. सव्वीस वर्षांची, रक्त घ्यायला बसायची, आणि सुई टोचता टोचता पेशंटच्या घरची सगळी हकीकत काढून घ्यायची. आठवड्याभरात तिने मोबाइल माधुरीच्या नाकासमोर धरला. "हे बघ ताई. मिनीगोल्फची खरीखुरी स्पर्धा असते. जिल्ह्याची टीम, मग राज्य, सगळं. मुलुंडला प्रॅक्टिस चालते रविवारी. जाऊया ना!"

"वेडी झालीस का? या वयात?"

"त्यात पळायचं नसतंय गं. चालत चालत खेळायचं. आणि तू माझ्यासाठी ये, मी एकटी बोअर होते."

श्रुतिकाचा उत्साह तीन रविवारांत आटपला. माधुरी मात्र जात राहिली.

मुलुंडला एका क्लबच्या मैदानाच्या कोपऱ्यात, बॅडमिंटनच्या हॉलमागे सहा लेन होत्या. शिकवायला नंदकुमार नावाचे गृहस्थ, शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. वडील गिरणीत होते, मूळ गाव मालवणकडे, आणि आवाज असा की बॅडमिंटनवालेही बिचकून खेळायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितले. प्रत्येक लेनवर कमीत कमी फटक्यांत चेंडू होलमध्ये घालायचा. सहा फटके झाले आणि गेला नाही तर सात लिहायचे आणि पुढे चालू पडायचं, रडत बसायचं नाही. सहा लेन तीनदा, म्हणजे अठरा. ज्याचे फटके कमी तो वर. चेंडूही एकच नसतो, हे ऐकून माधुरीला नवल वाटलं. कडक, मऊ, जड, उसळणारा, मेलेला. "मेलेला म्हणजे?" तिने विचारलं. नंदकुमारांनी एक करडा चेंडू हातातून सोडला. तो जमिनीवर पडला आणि पडूनच राहिला. "हा मेलेला. आणि हा बघा, जिवंत. पण सकाळी गारठलेला असतो. खिशात ठेवा, अंगाची ऊब लागू द्या, मग बोलतो." तेव्हापासून रविवारी सकाळी निघताना माधुरी एक निळा चेंडू ओढणीत गुंडाळून पोटाशी धरायची. रिक्षावाल्याला काय वाटायचं कोण जाणे.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी ती दोन नंबरच्या लेनपाशी चेंडू कुठल्या वाटेने जाईल ते बघायला खाली बसली. उकिडवी, हात गुडघ्यांवर, मान एका बाजूला कलती. आणि त्या बसण्यानेच तिला पकडलं. हे बसणं तिचं नव्हतं. हे बाबांचं बसणं होतं. मग जिभेच्या टोकावरून परत फिरलेलं सगळं एकदम आलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती डबा घेऊन बाबांच्या कामावर जायची. आठ-नऊ वर्षांची होती. ओल्या सिमेंटचा वास, खिडक्या नसलेल्या खोल्या, बोललं की घुमणारा आवाज. बाबा लाद्या बसवून झाल्या की पितळेचा तांब्या भरून तिच्या हातात द्यायचे. "सांग, कुठं जाईल?" हा त्यांचा खेळ होता. ओतायच्या आधी सांगायचं. ती जमिनीला गाल लावून बघायची, बोट दाखवायची, मग ओतायची. पाणी जरा थबकायचं, विचार केल्यासारखं करायचं आणि निघायचं. बरोबर आलं की बाबा म्हणायचे, "डोळा आहे पोरीला." चुकलं की काही म्हणायचे नाहीत, पुन्हा तांब्या भरून द्यायचे. त्या दोन उन्हाळ्यांत ती किती सुखी होती हे आठवून माधुरीला सिमेंटच्या त्या लेनजवळ बसल्या बसल्या भरून आलं.

पण आठवण कधी एकटी येत नाही. तिच्या मागे दुसरी येते. मुलुंडलाच एका नव्या इमारतीत ती अशीच तांब्या घेऊन बसली होती, फ्रॉक वर खोचलेला, पाय सिमेंटने माखलेले. फ्लॅटचे मालक घर बघायला आले, आणि त्यांच्यासोबत त्यांची मुलगी. तिच्याच वर्गातली, पुढच्या बाकावरची. मुलगी काही वाईट बोलली नाही, चिडवलंही नाही. नुसती बघत राहिली आणि मग आईच्या मागे सरकली. पुढच्या सुट्टीत बाबांनी निघताना विचारलं, "येतेस?" तर ती म्हणाली, "मला अभ्यास आहे." सुट्टीत कसला अभ्यास, हे त्यांनी विचारलं नाही. चपला घातल्या आणि गेले. पुन्हा कधी बोलावलं नाही. पुढे कॉलेजच्या फॉर्मवर, लॅबच्या फॉर्मवर, वडिलांचा व्यवसाय या रकान्यात तिने लिहिलं, बांधकाम क्षेत्र. कुणी विचारलं तर "कन्स्ट्रक्शन लाईनमध्ये होते". लॅबमध्ये एकवीस वर्षं तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. त्यात खोटं काहीच नव्हतं आणि सगळंच होतं.

आता कोडं सुटलं होतं, तर कुतूहल शमायला हवं होतं. ते उलट वाढलं. चौतीस वर्षं न वापरलेली गोष्ट शरीरात कुठे राहते? डोळ्यांत, की गुडघ्यांत? ती रोज काहीतरी करून बघू लागली. लॅबच्या काउंटरवर पेन ठेवायची आणि सांगायची, कुठे घरंगळेल. नाहूर स्टेशनच्या पुलावर सांडलेल्या चहाचा ओघळ बघत उभी राहायची. आणि मे महिन्यात नंदकुमारांनी निवड चाचणीची तारीख जाहीर केली, तेव्हा तिला कळलं की आपल्याला हे हवं आहे. उपनगर जिल्ह्याच्या संघात बायकांच्या चार जागा होत्या आणि उतरणाऱ्या अकरा जणी होत्या. चारांत आलं तर राज्य स्पर्धा. असं उघडउघड, हावऱ्यासारखं काही हवं असण्याची तिला सवय नव्हती. लाजही वाटली. तरी हवं होतं. बाबांना तिने सांगितलं, रविवारी जादा ड्यूटी आहे. खेळाचं सांगितलं असतं तर ढाळाचं सांगावं लागलं असतं, आणि ढाळाचं सांगितलं असतं तर त्या सुट्टीपर्यंत जावं लागलं असतं.

चाचणीच्या दिवशी सकाळी ऊन कडक होतं. श्रुतिका टाळ्या वाजवायला म्हणून आली होती. माधुरी पोचली आणि बघते तर पाच नंबरची लेन बदललेली. तिला तडे गेले होते म्हणून गुरुवारी नवीन सिमेंट करून घेतलं होतं, वर करडा रंग. "सगळ्यांना सारखीच आहे, कुरकुर नको," नंदकुमार म्हणाले. पहिल्या फेरीत माधुरीला त्या लेनवर चार फटके लागले, दुसऱ्या फेरीत तीन. बाकीच्या लेन तिच्याशी नीट बोलत होत्या. ही तोंड मिटून बसली होती. चेंडू होलपाशी जायचा आणि ऐन वेळी, काहीएक कारण न देता, बाजूला व्हायचा. ती वाकून बघायची, डावीकडून, उजवीकडून. नव्या रंगाची चमक डोळ्यांत यायची आणि जमीन दिसायचीच नाही. दोन फेऱ्यांनंतर ती चौथी होती. तिच्या मागे फक्त एका फटक्याने प्रांजल, कॉलेजात जाणारी, केसांना पट्टा बांधलेली, दोन वर्षं खेळत असलेली पोर.

तिसऱ्या फेरीत पहिल्या चार लेनवर दोघींचे फटके सारखेच पडले, आणि ती पाच नंबरपाशी आली. पुढे काय झालं ते तिने ठरवून केलं नाही, हे शपथेवर सांगता येईल. निळा चेंडू तिच्या डाव्या मुठीत होता. तिने हातातली काठी खाली ठेवली, पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, उकिडवी बसली आणि लेनच्या सुरुवातीला सावकाश, बारीक धारेने पाणी ओतलं.

पाणी थबकलं. मग निघालं. आधी उजवीकडे कललं, मधल्या कमानीखालून गेलं, आणि होलच्या वीतभर अलीकडे, जिथे ती इतका वेळ बघत होती आणि काही दिसत नव्हतं, तिथे दोन बोटं डावीकडे सरकलं. "अस्सं होय," माधुरी मोठ्याने म्हणाली.

"गो बाये, ह्यां काय करतस?" नंदकुमारांची मालवणी बाहेर पडली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. ते धावत आले. बॅडमिंटनवालेही रॅकेट घेऊन बाहेर आले. "मॅडम, चालू मॅचमध्ये लेनवर पाणी? हे कुठलं खूळ?"

माधुरी ओढणीने लेन पुसायला लागली होती. तिने मान वर केली. पंधरा-वीस माणसं तिच्याकडे बघत होती, आणि ती जमिनीवर बसलेली, हात ओले. तिला क्षणभर ती पुढच्या बाकावरची मुलगी दिसली. आईच्या मागे सरकली ती. या वेळी माधुरी उठली नाही.

"ढाळ बघत होते, सर. माझे बाबा लादीवाले मिस्त्री आहेत. ते असाच बघतात. सवयीने झालं."

श्रुतिका पुढे आली, कंबरेवर हात ठेवून.

"अगं मग आधी का नाही सांगितलंस?" श्रुतिका म्हणाली. "आमच्या बाथरूमचं पाणी उलटं बेडरूममध्ये येतंय दोन वर्षं! वाट लागलीय नुसती. बाबांना पाठव ना गं एकदा."

चौतीस वर्षं जपलेलं दुखणं, आणि त्याला उत्तर मिळालं हे. माधुरीला हसू आलं. ते आवरेना. प्रांजलही हसायला लागली. नंदकुमार हसले नाहीत. त्यांनी एक पेनल्टी लिहिली, लेन वाळेपर्यंत सगळ्यांना सावलीत बसवलं, आणि पाण्याची वाट कुठून गेली ते स्वतः मात्र वाकून नीट बघून घेतलं.

लेन वाळली. माधुरीने चेंडू पोटाशी धरून गरम केला, खाली ठेवला, उजवीकडे चार बोटं धरून हलकेच मारला. तो कमानीखालून गेला, होलच्या अलीकडे थोडा रेंगाळला आणि पाण्याच्या वाटेने आत गेला. एका फटक्यात. पेनल्टी धरून दोन. सहा नंबरच्या लेनवर तिला दोन लागले. प्रांजलने तिसऱ्या फेरीत पाच नंबरची लेनही एका फटक्यात घेतली होती आणि सहा नंबरचीही. नंदकुमारांनी नावं वाचली. चौथी प्रांजल. एका फटक्याच्या फरकाने पाचवी माधुरी. "ऑक्टोबरात परत चाचणी आहे," ते तिच्याजवळ येऊन म्हणाले. "बाटली घरी ठेवून या."

रिक्षात तिने हिशेब मांडून पाहिला. पाणी ओतलं नसतं तर पेनल्टी बसली नसती. पण पाणी ओतलं नसतं तर त्या लेनवर पुन्हा तीन लागले असते. कसंही मांडलं तरी वाईट वाटत होतं. जागा हवी होती आणि मिळाली नाही, यात समजूत घालण्यासारखं काही नव्हतं. ओढणीला ओल्या सिमेंटचा वास येत होता.

भीमराज जेवायचे थांबले होते. तिने ताटं घेतली, आणि पहिला घास घ्यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. मॉल, मुलुंड, जादा ड्यूटीची थाप, पाच नंबरची लेन, बाटली. सगळ्यांसमोर काय बोलली तेही. भीमराज खाली बघत ऐकत होते. मग विचारलं, "मग पाणी कुठं गेलं?"

"आधी उजवीकडे. मग होलच्या अलीकडे दोन बोटं डावीकडे."

"सिमेंट घाईत केलंय. खाली भर नीट ठोकली नाही, तिथं बसलं." त्यांनी मान हलवली. "दोन बोटं दिसली तुला. बरं."

ती हात धुवायला मोरीकडे गेली आणि दारात पाय ओल्यात पडला. त्या तपकिरी लादीवर पाणी साचलं होतं. आज तिने विचारायचं ते विचारलं. "बाबा, सगळ्या मुंबईचे ढाळ काढलेत. मग ही एकच लादी अशी का?"

"ती तू बसवलेली."

माधुरी दारातच थांबली.

"आठ-नऊची होतीस. हट्ट धरलास, मी बसवणार. थापी दोन्ही हातांनी धरली होतीस." भीमराज ताटातल्या भाताकडे बघत बोलत होते. "चुकली होती. तेव्हाच कळलं मला. म्हटलं, राहू दे. पुढच्या सुट्टीत येईल कामावर, जरा हात बसेल, मग आपली आपण काढून नीट बसवेल. तुझी आई बोलायची. मी म्हटलं, राहू दे."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते ऐकवेना. चौतीस वर्षं ती रोज तेच पाणी पुसत आली होती आणि मनात बाबांना नावं ठेवत आली होती. ती ओल्या लादीजवळ उकिडवी बसली आणि तिच्यावर हात ठेवला. लादी गार होती. कोपरा खरंच खचलेला होता, दोन बोटं.

"थापी कुठं आहे?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"माळ्यावर. गोणपाटात गुंडाळलीय. छिन्नीपण घे."

तिने स्टूल ओढलं आणि माळ्यावर हात घातला. खाली भीमराज खाटेचा आधार घेत, गुडघा धरून कसेबसे उठले, मोरीपर्यंत गेले आणि पितळेचा तांब्या नळाखाली धरला. "हळू ठोक," ते तिकडूनच म्हणाले. "शेजारची लादी फुटता कामा नये."